न धुतलेली नळी

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक शिलाई मशीन उघडं पडलं होतं. मशीनची मालकीण शिंपीण काउंटरपलीकडे स्टुलावर बसून वाट बघत होती. मी दोऱ्याचा ताण धरणारी स्प्रिंग बसवत होतो. ती अर्धवट सोडली की उडते आणि मग दुकानभर गुडघ्यांवर रांगत शोधावी लागते. म्हणून मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला, पलीकडच्या बाईंचं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं आणि स्क्रू पूर्ण आवळला.

"काय झालं हो?" शिंपीण म्हणाली.

"बायको वारली."

ती उठून उभी राहिली. "अहो, मग तुम्ही इथे काय करताय? जा ना!"

"झालंच आहे मशीन. घेऊन जा."

"आग लागो मशीनला," ती म्हणाली आणि मशीन तिथेच टाकून तिने माझ्या दुकानाचं शटर स्वतः ओढलं. कुलूपही तिनेच लावलं. किल्ली माझ्या खिशात घातली.

हॉस्पिटलात जे करायचं असतं ते केलं. दुपारनंतर घरी आलो तर स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला कोपऱ्यात तिची बंदूक उभी होती. चापाच्या कडीला लाल दोरा बांधलेला होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता ही धुवायची कुणी. लोक म्हणतात अशा वेळी डोकं बधिर होतं. माझं झालं नव्हतं. प्रश्न नेमका होता, फक्त त्याला उत्तर नव्हतं.

दोऱ्याचं सांगायला हवं.

आमच्या वस्तीबाहेर मक्याची शेतं आहेत. शेतं संपली की ओढा, ओढ्यापलीकडे झाडी. झाडीत रानडुकरं आहेत आणि मका पिकला की ती एका रात्रीत शेत लोळवतात. म्हणून वनखातं दर हंगामात काही लोकांना परवाना देतं. त्यातली काही मंडळी जुन्या बंदुकांची. नव्या बंदुकीला हात लावायचा नाही, हा त्यांचा शौक. बंदूक धरणाऱ्यापेक्षा वयाने मोठी हवी, हा पहिला नियम. एकदा एक गृहस्थ छान चकचकीत रायफल घेऊन आले. कप्तानने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "बंदूक झकास आहे साहेब, पण तुम्ही तिच्या बापाच्या वयाचे." गृहस्थ रागावून निघून गेले.

कप्तान म्हणजे ह्या मंडळींचा म्होरक्या. कुठल्याही सैन्यात नव्हता. तरुणपणी फुटबॉल संघाचा कप्तान होता, तेवढ्यावर आयुष्य काढलं. दुसरा दंतवैद्य. तिसरा माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जो फरशा विकतो. आणि चौथी माझी बायको. ती पोस्टात पार्सलं तोलायची. तिच्याकडे तिच्या वडिलांची ठासणीची रायफल होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची, मग गजाने ती खालपर्यंत ठासायची. घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. एवढं केल्यावर एक बार निघतो. तो चुकला तर डुक्कर तुम्ही पुन्हा ठासेपर्यंत काही थांबत नाही.

मी कधी बार काढला नाही. मला तो आवाज सोसत नाही. मी तिच्या मागे उभा राहायचो आणि गज, चिंधी, टोपी हातात द्यायचो. दंतवैद्य मला "सिस्टर" म्हणायचा, ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं हातात देतात तशी म्हणून. चिंध्या मी कापायचो. त्या माझ्या कामाच्या जाड शर्टांच्या असत. शर्ट कोपरावर विरला की ती खूश व्हायची. मी म्हणायचो, "नवरा उघडा पडला तरी चालेल, गोळी झाकलेली पाहिजे." ती म्हणायची, "गोळीला निदान दिशा असते."

ह्या बंदुकांची दारू काळी असते. एक बार काढला की नळीच्या आत काजळी बसते आणि ती हवेतला ओलावा ओढून घेते. त्याच दिवशी कढत पाण्याने धुतली नाही तर नळी गंजायला लागते. तर ह्या मंडळींचा नियम असा, की जनावर नुसतं जखमी झालं आणि हाती लागलं नाही, तर ते सापडेपर्यंत नळी धुवायची नाही. चापाला लाल दोरा बांधायचा. बंदूक आत सडते आहे म्हटल्यावर माणूस घरी स्वस्थ बसत नाही, शोधायला बाहेर पडतो. ज्याने मारलं त्यानेच शोधायचं. नियम कुणी काढला माहीत नाही, पण कामाचा आहे. बहुतेक दोरे दुसऱ्या दिवशी सुटतात.

तिचा दोरा राहिला.

शरद ऋतूत शेवटची हाकणी झाली, म्हणजे आरडाओरड करून झाडीतली डुकरं बाहेर काढली, तेव्हाची गोष्ट. ती ओढ्याच्या वळणावर तिच्या नेहमीच्या जागी होती. त्या दिवशी ती मध्येच दगडावर बसली. एरवी ती बसत नसे. मी विचारलं तर म्हणाली, "बूट चावतोय." मग झाडीतून एक मोठा नर बाहेर आला. त्याचा डावा कान मधोमध फाटलेला होता. त्याला सगळे ओळखत होते. नावच पडलं होतं कानफाट्या. आसपासच्या कुठल्याही शेतात काही मोडलं की ते त्याच्याच नावावर जायचं, त्याने केलेलं असो नसो.

तिने बार काढला. काळ्या दारूचा धूर इतका होतो की समोरचं काही दिसत नाही. धूर विरेपर्यंत जागचं हलायचं नसतं. विरला तेव्हा डुक्कर तिथे नव्हतं. दगडांवर रक्ताचे थेंब होते, ते ओढ्यापर्यंत गेले आणि पाण्यात संपले.

"मागे लागली," ती म्हणाली. "उजव्या मांडीत. घाई केली मी."

तिने घाई केलेली मी कधी पाहिली नव्हती. पार्सल तोलतानाही काटा पूर्ण थांबल्याशिवाय ती आकडा बोलत नसे.

अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि पुन्हा शोधलं. त्यानंतर तिचं पोट इतकं दुखायला लागलं की पायरी चढवेना, आणि मग हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, हे बरेच महिने चाललेलं असणार. मी म्हटलं, मला म्हणाली बूट चावतोय. डॉक्टरांना ते कळलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही.

हॉस्पिटलात शेवटी शेवटी ती फारशी बोलत नव्हती. पण एकदा डोळे उघडून म्हणाली, "नळी धुतली नाहीस ना?"

"नाही."

"दोरा?"

"आहे."

"ओलाव्यात नको ठेवूस. शेगडीजवळ ठेव."

"तिथेच आहे."

"सापडेल तो. लंगडत फार लांब कुठे जाणार."

घरच्या गोष्टींबद्दल, माझ्याबद्दल ती असं काही बोलली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. घर माझ्या हातात होतं, डुक्कर नव्हतं.

अंत्यविधीनंतर मेहुणा घरी आला. त्याने बहिणीच्या कपड्यांच्या कपाटाकडे बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला आणि बंदुकीसमोर उभा राहिला.

"भाऊजी, ही अजून तशीच?"

"तशीच."

"बाबांची बंदूक आहे ही. आतून सडतेय."

"माहीत आहे मला."

"मग धुवा ना! पाणी मी तापवतो."

"दोरा बांधलेला आहे."

"दोरा ताईने बांधला होता. ताई आता..." तो थांबला. मग म्हणाला, "तुम्ही मशीनवाले आहात हो. गंज म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायचं?"

"मलाही तेच वाटतं. नको सांगूस."

तो न चहा घेता गेला.

मग कप्तानने दंतवैद्याच्या दवाखान्यात बैठक बोलावली. रविवार होता, दवाखाना बंद. बाहेरच्या खोलीत रोग्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. भिंतीवर कापलेल्या दाताचं मोठं चित्र होतं.

"नियम असा आहे," कप्तान म्हणाला, "की ज्याने मारलं त्याने शोधायचं. मारणारीच राहिली नाही म्हटल्यावर नियम संपला. दोरा सोडायला हरकत नाही."

"संपला कसा?" दंतवैद्य म्हणाला. "पेशंट मेला म्हणून दात किडायचा थांबतो का?"

"थांबतो."

दंतवैद्याने जरा विचार केला. "हं. ते खरं आहे."

"मग झालं तर."

"पण डुक्कर तर मेलेलं नाही. म्हणजे कदाचित नाही. ते तिकडे मांडीत शिसं घेऊन फिरत असेल. नियम डुकरासाठी आहे ना?"

"नियम बंदूक धरणाऱ्यासाठी आहे."

"तुझ्या मनाला येईल तसा आहे तुझा नियम!"

"फुटबॉलमध्ये..." कप्तानने सुरुवात केली.

"फुटबॉल घरी ठेव तू," मेहुणा म्हणाला. आणि माझ्याकडे वळला. "भाऊजी, तुम्ही बोला. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "मी शोधतो. सापडलं की धुऊ."

"तुम्ही? तुम्हाला साधा फटाका सोसत नाही!"

"शोधायला आवाज लागत नाही."

कप्तान एवढंच म्हणाला, "सापडलं तर एकट्याने जवळ जाऊ नका. जखमी नर आहे. आम्हाला बोलवा."

तेव्हापासून दर रविवारी मी जायला लागलो. मक्याच्या शेतातून, मग ओढ्याच्या काठाने, मग झाडीत. सोबत बायकोची दुर्बीण आणि काठी. शेताची मालकीण मला बांधावर भेटायची. तिला सगळे मकेवाली म्हणतात. तोंडाने फटकळ बाई.

"काय, सासरच्या डुकराला शोधायला निघालात?"

"दिसला का?"

"दिसला असता तर मीच काठीने मारला असता. तुमची ती मंडळी डुकरं मारतात की नुसती घाबरवून माझ्याकडे धाडतात, हे मला अजून कळलेलं नाही."

पण ती मला पाणी द्यायची, आणि एकदा म्हणाली, "तुमच्या बाईंनी मागच्या वर्षी माझ्या बांधावर तीन पाडली होती. एकही ओरडलं नाही." मग लगेच, "बसू नका तिथे, मुंग्या आहेत."

हिवाळाभर गेलो. झाडीत मी डुकरांचं बरंच काही शिकलो. ती चिखलात लोळतात आणि मग एकाच झाडाला अंग घासतात, त्यामुळे त्या झाडाची साल कंबरेच्या खाली गुळगुळीत होते. वाळलेल्या गवताचा ढीग करून त्याखाली झोपतात. मी प्रत्येक ढिगाजवळ काठी आपटून बघितलं. हाडं सापडली, ती हरणाची निघाली. एक बूट सापडला. कानफाट्या नाही.

घरी शेगडी मी नेहमीपेक्षा जास्त वेळ पेटती ठेवत होतो. बंदुकीची बाहेरची बाजू तेलाने पुसायचो. नळीच्या तोंडाला बूच लावलं होतं. ते काढून वास घेतला की सडक्या अंड्यासारखा वास यायचा, तो काळ्या दारूचा असतो. पुढे पुढे त्यात लोखंडाचा वास मिसळला. मी रोज लोखंड हाताळतो, तो वास मला कळतो. बंदूक मरत होती आणि डुकराचा पत्ता नव्हता. दोन्ही वाचतील असं काही दिसत नव्हतं.

मेहुणा अधूनमधून यायचा. फरशांचे नमुने दाखवायचा, स्वयंपाकघरातली फरशी बदला म्हणायचा. पण डोळा कोपऱ्यात. एकदा मी बाजारातून परत आलो तर तो आत होता. त्याला घराची किल्ली बहिणीनेच दिलेली होती. तो तिचा खण उघडून उभा होता. त्यात तिचा गोळ्यांचा साचा आणि ओतून ठेवलेल्या गोळ्या होत्या.

"बघत होतो नुसतं," तो म्हणाला.

"बघ की."

"बाबांचा साचा आहे ना हा. दोन अर्धी एकमेकांवर नीट बसत नाहीत. गोळीला कडेने शिवण येते."

"ती शिवण घासायची नाही कधी. म्हणायची, बाबांची सही आहे."

त्याने खण लावला आणि गेला.

हिवाळा सरत आला तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी कप्तानचा फोन आला. आवाज चढलेला. "सापडला! उद्या सकाळी दवाखान्यात या."

मी गेलो. तिघंही आत, जिथे दात काढतात त्या खोलीत होते. दंतवैद्याने पांढरा कोट घातला होता, रविवार असून. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मला रोग्याच्या खुर्चीतच बसवलं. खुर्ची जरा मागे गेली. डोक्यावर मोठा दिवा. समोरच्या स्टीलच्या थाळीत, कापसाच्या बोळ्यावर, शिशाची एक गोळी होती. एका बाजूने चपटी झालेली.

"मांडीतून काढली," दंतवैद्य म्हणाला. "उजव्या."

"कुठे सापडला?"

"ओढ्यात," कप्तान म्हणाला.

"करवंदीच्या जाळीत," मेहुणा त्याच वेळी म्हणाला.

कप्तानने मेहुण्याकडे बघितलं. मग कप्तान म्हणाला, "ओढ्याच्या काठच्या जाळीत. जाळी ओढ्यात झुकलेली आहे तिथे."

"कान बघितला?"

"मुंडकं नव्हतंच," दंतवैद्य म्हणाला. "कोल्ह्यांनी नेलं असणार. हाडंच उरली होती म्हणा ना."

"मग गोळी मांडीतून कशी काढली?"

"मांडी थोडी होती," दंतवैद्य म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी आयुष्यात त्याच्याकडे दोन दाढा काढून घेतल्या, तेव्हा त्याला घाम आला नव्हता.

"शिवण बघा ना भाऊजी," मेहुणा म्हणाला. "कडेने. बाबांच्या साच्याची."

मी गोळी उचलली. दंतवैद्याने दिवा खाली ओढला आणि त्याचं भिंग माझ्या पुढ्यात आणलं. शिवण होती. साचा तिच्या वडिलांचाच. गोळी बायकोनेच ओतलेली, यात शंका नव्हती.

पण चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीतून उडते तेव्हा दारूचा जोर तिला कापडावर इतका दाबतो की कापडाची वीण शिशावर उमटते. बायको सापडलेल्या गोळ्या घरी आणून मला दाखवायची. "तुझा शर्ट बघ," म्हणायची. माझ्या कामाच्या शर्टांची वीण तिरकी असते, जाड, जीनच्या कापडासारखी. मी गोळी भिंगाखाली फिरवली. चपटी नसलेली बाजू साच्यातून काढली तशी गुळगुळीत होती. चपट्या बाजूवर हातोडीच्या तोंडाचा गोल काठ पुसटसा उठला होता. तिरकी वीण कुठेच नव्हती. गोळी तिचीच होती. एवढंच, की ती कधी उडालीच नव्हती.

मला खण उघडून उभा असलेला मेहुणा आठवला.

तिघंही माझ्याकडे बघत होते. कप्तानने टोपी काढून हातात धरली होती. मेहुण्याचा चेहरा लहानपणी दिसत असेल तसा दिसत होता. माझ्या लग्नात तो दातांना तार लावून फिरत होता, तसा. मला वाटतं त्याला बंदूक हवी होती हे खरं, आणि मी रविवारी झाडीत जायचं थांबवावं हेही खरं. ह्या दोन्हींतलं किती कुठलं हे मी तोलू शकलो नाही. ते काम तिचं होतं.

"काय भाऊजी? तिचीच ना?"

"तिचीच आहे," मी म्हटलं.

कप्तानने टोपी घातली. दंतवैद्याने बटण दाबलं आणि खुर्ची मला घेऊन सरळ झाली.

मेहुणा माझ्याबरोबर घरी आला. पाणी त्याने तापवलं. मी दोरा सोडला. गाठ तिची होती, नखाने सुटेना, पण कापली नाही, सुईने उकलली. नळी दस्त्यापासून वेगळी केली. तिचं बुडाचं टोक बादलीत धरून मी वरून कढत पाणी ओतलं.

आधी काळं पाणी आलं. बराच वेळ काळंच. मग लाल, विटेसारखं. मेहुणा किटली भरून आणत होता, मी ओतत होतो. गजाला चिंधी लावून वरखाली केलं. प्रत्येक चिंधी आधीच्यापेक्षा कमी लाल. शेवटी पाणी स्वच्छ आलं. नळी गरम असतानाच कोरडी केली आणि आतून तेल फिरवलं.

"बघ," मी म्हटलं.

मेहुण्याने नळी खिडकीकडे धरून आत डोळा लावला.

"खड्डे पडलेत. मध्यावर जास्त. पण गोळीला फिरवणारे आटे शाबूत आहेत. चालेल."

"नेम लागेल?"

"ताईसारखा नाही. पण बंदुकीमुळे नाही, माझ्यामुळे." आणि तो नळीला डोळा लावून तसाच राहिला. नळीत एवढा वेळ बघण्यासारखं काही नव्हतं. मी बादली मोरीत ओतली.

"घेऊन जा," मी म्हटलं.

"खरंच?"

"मी काय करू तिचं? शिलाई मशीनला जोडू?"

तो हसला, मग नाक पुसलं, मग बंदूक चादरीत गुंडाळून घेऊन गेला. साचाही दिला. गोळ्या मात्र राहू दिल्या.

कोपरा रिकामा झाला. तिथे आता केरसुणी ठेवतो. लाल दोरा दुकानातल्या खणात, स्प्रिंगांच्या डबीत आहे.

पुढच्या रविवारी मला कुठे जायचं नव्हतं. नळी धुतली होती, तिघांचं समाधान झालं होतं, नियम पुरा झाला होता. मी सकाळी बूट घातले तेव्हा स्वतःशी कारण शोधलं नाही. दुर्बीण घेतली आणि निघालो.

मकेवाली बांधावर होती. "तुमचा तो सापडला म्हणे," ती म्हणाली. "कप्तान सांगत होता. हाडं उरली होती म्हणे."

"असं म्हणतात."

"मग माझं बियाणं काल कुणी उकरलं? हाडांनी?" तिने हात करून दाखवलं. "पलीकडच्या कोपऱ्यात जा. ऊन पडलं की येतो. आवाज करू नका, नाहीतर अर्धं राहिलेलं पोट भरायला रात्री परत येईल मेला."

मी ओढ्याच्या काठाने गेलो आणि बायकोच्या जागी, त्याच वळणावर, त्याच दगडावर बसलो. समोर नांगरलेली पट्टी होती. कडेच्या चिखलात खुरांचे ठसे होते. तीन पायांचे खोल, आणि चौथ्याच्या जागी ओढल्याची रेघ.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा तो झाडीतून बाहेर आला. दुर्बिणीतून डावा कान दिसला, मधोमध फाटलेला. मागचा उजवा पाय तो टेकवत होता, पण त्यावर भार देत नव्हता. मांडीवर केस नसलेला एक चट्टा होता, वाळलेला. बाकी अंगाने चांगला भरलेला. तो लंगडत पट्टीभर फिरला, नाकाने माती उकरली, बी खाल्लं. घाई नव्हती. मध्ये एकदा थांबून त्याने माझ्या दिशेला तोंड केलं. वारा माझ्याकडे येत होता, त्याला काही कळलं नसावं. पुन्हा खायला लागला.

उजवी मांडी. तिने सांगितलं होतं तिथेच लागली होती.

तो परत झाडीत जाईपर्यंत मी बसून राहिलो. मग मकेवालीकडे गेलो.

"दिसला?"

"दिसला."

"मग आता?"

मी म्हटलं, बघू. तिने मला पाणी दिलं आणि कप्तानबद्दल दोन शब्द बोलली, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आता मका गुडघ्याएवढा झाला आहे. कणसं धरली की नवा हंगाम सुरू होईल आणि मेहुणा तिची बंदूक घेऊन ओढ्याच्या वळणावर उभा राहील. परवा तो दुकानात आला होता, बंदूक किती छान झाली आहे ते सांगत होता. काउंटरपलीकडे शिंपीण बसली होती, तिच्या मशीनची स्प्रिंग परत ढिली झाली आहे. मी मान हलवत ऐकलं.

कानफाट्या जिवंत आहे. मेहुण्याला ते सांगायचं राहिलं आहे.